माशाखालचं लाकूड

१

बुडुक.

लेक अजून झोपलेली, सासरे अंघोळीला गेलेले, नवरा फिरतीच्या नोकरीवर. सकाळचा हा एक कपभर वेळ तेवढा माझा असतो, आणि तो मी कुणाला वाटून देत नाही. त्या शांततेत परसातून आवाज आला, निमुळत्या तोंडाच्या बाटलीत पाणी शिरताना येतो तसा. जरा वेळानं पुन्हा. बुडुक.

बेडूक असेल म्हणून मी कप तोंडाला लावला, तेवढ्यात कामाच्या खोलीतून रंगताईनं हाक मारली. हाक मोठी नव्हती. पण रोजच्या माणसाचा आवाज रोजच्यासारखा नसला की कळतंच. कप तसाच ठेवून मी धावले.

मोठ्या टेबलावर डॉक्टरांचा मासा आडवा पडला होता. त्याच्याखालचं लाकूड गायब होतं.

आमचं घर माशांवर चालतं, पण खायच्या नव्हे. जन्मात एकदाच लागावा असा मासा कुणाच्या गळाला लागला की तो माणूस तो घेऊन आमच्याकडे येतो. माझे सासरे, म्हणजे बाबा, त्याची कातडी अलगद सोलतात, घडवलेल्या सांगाड्यावर चढवतात, काचेचा डोळा बसवतात. वाळली की कातडी जुन्या वर्तमानपत्रासारखी दिसायला लागते. मग रंगताई येते आणि एकेका खवल्याला त्याचा रंग परत देते. आणि हे सगळं ज्यावर उभं राहतं ते लाकूड माझ्याकडे.

साधं लाकूड चालत नाही. नदीनं वाहून आणलेलं, दगडगोट्यांवर आपटून, वाळूत घासून गुळगुळीत झालेलं, वाकडंतिकडं लाकूड लागतं. ते धुवायचं, टाकीत बुडवून ठेवायचं, त्यातला चिखल, मीठ आणि रंग सुटेपर्यंत पाणी बदलत राहायचं, सावलीत वाळवायचं, आणि शेवटी भट्टीच्या कपाटात शेकायचं, म्हणजे आत किडा राहत नाही. मग ते कापसासारखं हलकं होतं. मी त्याला वार्निश कधी लावत नाही. लाकडाला श्वास घेता आला पाहिजे, अशी माझी आपली एक समजूत आहे.

हे हरवलेलं लाकूड तर मी फार लाडानं तयार केलं होतं. कोपरातून वाकवलेल्या हातासारखं, आणि त्याला एका ठिकाणी सरळ आरपार भोक. माशाच्या पोटातली सळई बसवायला मला छिद्र पाडावंच लागलं नाही. नशीबच म्हणायचं, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले होते.

मासा दाताच्या डॉक्टरांचा. त्यांना तो दवाखान्यात खुर्चीसमोर लावायचा होता. पेशंटला तोंड उघडं ठेवायला कुणीतरी सोबत हवी, असं ते म्हणायचे. संध्याकाळी ते न्यायला येणार होते.

आणि चोर मासा सोडून लाकूड घेऊन गेला होता.

२

बाबा खांद्यावर टॉवेल टाकून आले. टेबलाकडे बघितलं, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले.

"ओंडके."

ओंडकेकाकांना खरं काही वेगळं नाव असणार, पण ते त्यांनाही आता आठवत असेल की नाही कोण जाणे. हातगाडी घेऊन ते नदीचा काठ धुंडाळतात. पूर ओसरला की तर काठावरच असतात. चांगलं लाकूड सापडलं की ते आमच्याकडे येतं, आणि लाकडापाठोपाठ काकाही चहाला येतात. घरी त्यांचं कुणी नाही. या घराच्या मागच्या पायरीवर बसणं हाच त्यांचा गोतावळा.

हे लाकूड देताना मात्र ते हळहळले होते. असं पुन्हा मिळायचं नाही, मी ते माझ्याकडेच ठेवायला हवं होतं, असं सगळ्यांदेखत म्हणाले होते. त्यात भर म्हणजे भाऊजींनी, माझ्या धाकट्या दिरांनी, आज उजाडताना वरच्या खिडकीतून त्यांना परसात बघितलं होतं. हातगाडीसकट. न बोलता आले, न बोलता गेले.

बाबा रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट उतरवतात. डॉक्टर येईपर्यंत लाकूड परत आलं नाही तर ओंडक्यानं पुन्हा या घराची पायरी चढायची नाही, हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की ते होणारच हे आम्हाला कळलं. एकट्या माणसाला एकुलतं एक दार बंद होणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच सांगताना ते कुणाकडे बघत नव्हते.

मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत मला बघू द्या."

"तू काय बघणार? तू पोलीस आहेस का?"

"आई आहे. घरात कोणी काय कुठे लपवलंय हेच दिवसभर शोधत असते."

भाऊजी हसले. बाबा हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

३

आधी मी माशाला विचारलं.

सळईचा स्क्रू तोडलेला नव्हता, सोडवलेला होता, आणि स्क्रूड्रायव्हर पुसून त्याच्या खाचेत परत ठेवलेला होता. मासा रंगवलेली बाजू वर करून ठेवला होता. पोटाखाली मऊ फडक्याची गुंडाळी, अशी की खालच्या बाजूचे पर अधांतरी राहावेत. वाळलेले पर पापडासारखे असतात, टेबलाला टेकले तरी तडकतात. एकही पर तडकला नव्हता.

ओंडकेकाकांनी या घरात एकदाच मासा उचलला होता, शेपटीला धरून. बाबांनी त्यांना त्या दिवशी जे सुनावलं ते अजून आमच्याकडे लेकरं नक्कल करून दाखवतात.

कोण आलं होतं कुणास ठाऊक, पण जाताना त्यानं माशाला तान्ह्या बाळासारखं निजवलं होतं.

मग मी भाऊजींना गाठलं. भाऊजी फायबरची लाकडं बनवतात, साच्यातून काढलेली. दिसायला अगदी खरी, वजनाला पिसासारखी. बाबांनी नदीकाठचा नाद सोडावा म्हणून बाप-लेकांचं जेवताना रोज काही ना काही चालू असतं. संशय घ्यायला याहून चांगला माणूस शोधून सापडला नसता, आणि हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

"पण वहिनी, मी चोरलं असतं तर त्याच्या जागी माझं ठेवलं नसतं का? तुला ओळखूही आलं नसतं."

"आलं असतं."

"बरं, आलं असतं. बाबांना आलं नसतं."

सकाळीच त्यांनी माळा, पलंगाखालच्या जागा, भट्टीचं कपाट, सगळं धुंडाळलं होतं. परसातल्या टाकीचं झाकणसुद्धा उचलून बघितलं. त्यात काल दुपारी काकांनी आणून टाकलेले नवे ओंडके आणि कडक चहासारखं झालेलं पाणी, दुसरं काही नाही. समोरच्या दारातून तर ते लाकूड जाणं शक्यच नव्हतं. तिथे शेजारच्या आजी उजाडल्यापासून खुर्ची टाकून बसतात आणि त्यांच्या नजरेतून पाकोळीसुद्धा सुटत नाही. उरलं मागचं फाटक आणि काकांची हातगाडी.

कुठल्याही वाटेनं गेलं तरी मी काकांपाशीच पोचत होते.

४

दोन्ही मुली सोबत निघाल्या. एक माझी ठमी. दुसरी रंगताईची मनी. आई कामाला आली की तीही येते आणि दिवसभर दोघी एकमेकींच्या सावल्या होऊन फिरतात. मनीचे बाबा होडीवाले. पलीकडे माणसं, वाळू, जे मिळेल ते नेऊन सोडायचे. मनी रांगत होती तेव्हा एकदा रंगताईशी कडाक्याचं भांडून होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. लांबच्या गावी त्यांनी दुसरा संसार थाटला असं लोक सांगायचे आणि रंगताई मान डोलवायची. कामाची खोली झाडताना, ब्रश धुताना ती त्यांना तोंडभर शिव्या घालायची, अगदी रोज, जेवणानंतर सुपारी खावी तशा. मनीला मात्र बाबा कामाला गेलेत एवढंच माहीत होतं.

काका काठावर गाडीचं चाक काढून बसले होते. भाऊजींनी माझ्याआधी काठावर येऊन त्यांना सगळं सांगून टाकलेलं असावं, कारण मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पाठ वळवली. काल दुपारी विसरलेला दोर न्यायला ते आले होते, एवढंच. तुम्ही झोपलेले, म्हणून हाक मारली नाही. हाक मारली असती तर आज इज्जत राहिली असती, असं चाकाला सांगितलं.

मी मुलींना त्यांच्या गाडीत बसवलं. काकांना त्या दोघींवर पाठ फिरवून बसणं जमत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. जरा वेळानं ते वळले.

मी विचारलं, "ते लाकूड तुम्हाला मिळालं कुठे?"

"मुखापाशी. नदी समुद्राला मिळते ना, तिथल्या वाळूच्या दांड्यावर. वरून जे जे वाहून येतं ते एक ना एक दिवस तिथे लागतं." मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "पण सगळ्यांना हेच कसं काय विचारायचंय, सूनबाई? काल अंधार पडायला तुमची रंगवालीपण एवढ्यासाठीच माझ्याकडे आली होती."

५

रंगताईला माशातलं सगळं कळतं. कोणत्या खवल्याला ओला चमकारा द्यायचा, कोणत्याला मळका, हे ती डोळे मिटून सांगेल. पण लाकडाशी तिचं कधी काही घेणंदेणं नव्हतं. मासा ती वेगळ्या घोडीवर रंगवते. काल संध्याकाळी तो पहिल्यांदा लाकडावर चढला आणि शेवटचा हात फिरवायला ती त्याच्यापाशी एकटी बसली. तेव्हा ते लाकूड तिनं पहिल्यांदा जवळून बघितलं असणार.

घरी परतले तर मुली धावत परसात गेल्या आणि टाकीपाशी उकिडव्या बसल्या. ठमी ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, गप्प, टाकी बोलतेय.

बुडुक.

मी तिथेच थांबले. सकाळचा बेडूक.

नवे ओंडके काकांनी काठाच्या पाण्यातूनच उचलून आणले होते. गाडीतून दारापर्यंत पाण्याची रेघ आली होती. पाणी पिऊन तट्ट झालेलं लाकूड टाकीत घातलं की दोनचार बुडबुडे सोडतं आणि गप्प बसतं. आज एवढ्या उशिरा त्यातून आवाज यायचं कारण नव्हतं. रात्र रात्र बडबड करतं ते वाळवलेलं, शेकलेलं लाकूड. त्याच्या नसानसांत हवा भरलेली असते, आणि पाणी शिरेल तशी ती बाहेर येते, सावकाश, एकेक बुडबुडा करून.

म्हणजे लाकूड घराबाहेर गेलंच नव्हतं. ओंडके ठेवायच्या जागी भाऊजींना ओंडके दिसले आणि त्यांनी झाकण लावून टाकलं.

बाकीचं मग आपोआप उलगडलं. काकांना लाकूड कळतं, पण मासा असा निजवणं त्यांना जन्मात जमलं नसतं. भाऊजी आणि बाबा यांना दोन्ही कळतं. सुकं लाकूड टाकीत टाकलं तर ते चुगली करतं, हे या घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांनी दुसरी कुठलीही जागा निवडली असती, ही सोडून. मासा कळणारं पण लाकूड न कळणारं माणूस या घरात एकच होतं.

मुलींना मी आत खाऊ शोधायला पिटाळलं. झाकण काढलं, लाकडं बुडून राहावीत म्हणून वर ठेवलेले दगड बाजूला केले, बाह्या वर सारल्या आणि त्या काळपट पाण्यात हात घातला. तळाशी लाकडाचं वाकलेलं कोपर हाताला लागलं. बाहेर काढलं तेव्हा ते ओलं होतं, आणि ओल्या लाकडावर सुक्यापेक्षा जास्त दिसतं. माझ्या त्या आयत्या भोकाच्या कडेला, भेगेच्या आत खोलवर, रंगाची एक रेघ होती. मळकट निळा. वीट उगाळून निळ्यात मिसळल्यावर येईल तसा. मी घासताना तो शेवाळाचा डाग समजले होते.

मग मी त्या भोकाकडे बघितलं. नदी सरळ भोक पाडत नाही. किडाही पाडत नाही. सरळ भोक माणूस पाडतो. आणि झाडाची अशी वाकलेली फांदी माणूस मुद्दाम शोधून आणतो ती होडीच्या पोटातल्या फासळीसाठी.

मला नशीब वाटलं होतं ते हे.

६

रंगताई रंगांच्या खोलीत ब्रश धूत होती. आज खोलीत शिव्या ऐकू येत नव्हत्या. सकाळपासून एकही नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी ते ओलं लाकूड फडक्यात गुंडाळून तिच्यासमोर ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

तिनं फडक्याची एक कड उचलली, परत झाकली.

"रंग मीच केला होता," ती म्हणाली. "बाजारातला निळा त्याला आवडायचा नाही. भडक दिसतो म्हणायचा, मासे हसतील. मग मी घरीच काय काय कालवून हा केला. असा दुसऱ्या कुणाच्या होडीला नाही."

काल तिनं ती रेघ बघितली, काकांकडे जाऊन जागा विचारली आणि घरी जाऊन पडून राहिली. लाकूड डॉक्टरांच्या भिंतीवर जाऊ द्यावं, काही दिसलंच नाही असं समजावं, असंही तिच्या मनात आलं. पण पहाटे हात राहिले नाहीत. अंधारातच ती मागच्या फाटकानं आली आणि लाकूड सोडवून टाकीत बुडवलं. डॉक्टर येऊन गेले की एखाद्या दिवशी पदराआड घरी न्यायचं, एवढाच तिचा बेत. काकांवर येईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आल्यावर मात्र तिला तोंड उघडता येईना, कारण एकदा बोललं की ते खरं होणार होतं.

"मला सोडून गेला म्हणून एवढी वर्षं शिव्या घातल्या गं मी त्याला." ती ब्रश पिळत राहिली, रंग कधीच निघून गेला होता. "तो तर कुठे गेलाच नव्हता. आता कुणाला घालू?"

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. लाकूड परत मिळालं एवढंच मी घरात सांगेन, म्हटलं, कुठे आणि कसं ते कुणाला कळायचं कारण नाही. मला ते जमलं असतं. लहान मूल असलेल्या बाईला बेमालूम खोटं बोलायचा चांगलाच सराव असतो.

तिनं मान हलवली. "ओंडकेकाकांवरचा आळ पुरता जायचा नाही तशानं. लाकूड त्यांनीच गुपचूप परत आणून ठेवलं असं म्हणतील." तिनं हात पुसले. "चल. मीच सांगते."

तिनं बाबांना सांगितलं, उभ्यानंच, भाऊजींसमोर. बाबा खूप वेळ त्या निळ्या रेघेवरून अंगठा फिरवत होते. मग त्यांनी चपला घातल्या आणि मागच्या फाटकातून काठाकडे निघाले. उन्हात, टोपी न घालता. मी या घरात आल्यापासून त्यांना कुणाला आणायला गेलेलं बघितलं नव्हतं.

दोघं परत आले तेव्हा हातगाडी बाबा ओढत होते आणि काका रिकाम्या हातानं मागून चालत होते. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. मला एवढंच ऐकू आलं की बाबा म्हणत होते, डॉक्टरांच्या माशाला बसेल असं एखादं लाकूड बघ बाबा, तुझ्याइतकी नजर मला नाही. काका म्हणाले, ते तर आहेच. आणि जाऊन आपल्या पायरीवर बसले.

वाळवणीतल्या लाकडांतून त्यांनी एक निवडून दिलं. या वेळी छिद्र मीच पाडलं. डॉक्टर आले, मासा कौतुकानं डोळ्यांसमोर धरला, आधीच्या लाकडाला भोक होतं ना असं त्यांनी विचारलं. दातातलं भोक बघायची सवय, दुसरं काय. बाबांनी त्यांना खरं ते थोडक्यात सांगितलं. डॉक्टर काही विनोद करणार होते तो त्यांनी गिळला, आणि मासा दोन्ही हातांवर घेऊन, रंगवलेली बाजू वर ठेवून, गाडीपर्यंत हळू चालत गेले.

फासळी मी परसात भिंतीला टेकवून ठेवली, सावलीत, वाळायला. रंगताईनं मनीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. मी दूर व्हायला बघत होते, पण तिनं माझा पदर धरून ठेवला. कामाला गेलेत असं म्हणायचो ते तसं नव्हतं, ती म्हणाली. तुझे बाबा पाण्यात गेले. आपल्याला सोडून गेले नव्हते, घरीच येत असतील. हे त्यांच्या होडीचं लाकूड. हा रंग आईनं केलेला.

मनी उठून भिंतीपाशी गेली. तिनं त्या भोकात करंगळी घातली, काढली, पुन्हा घातली. निळ्या रेघेला नाक लावून वास घेतला. आपल्या दोन्ही हातांनी ते लाकूड मापून बघितलं, मग हात पसरून एक होडी मापली, हवेत, तिला आठवत नसलेली. आणि लाकडाचं सगळं मला ठाऊक असतं, म्हणून वळून मलाच विचारलं,

"काकू, बाकीची होडी कुठे आहे?"